तिसरी गोळी

राजूर, मंगळवार

छबूबाई विहीणबाईंना मंदाचा नमस्कार,

हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत होईल असं वाटत नाही, तरी लिहितेय.

मी गावची आशा सेविका. सध्या आमच्याकडं हिवतापावरच्या गोळीची चाचणी चालू आहे. औषध जुनंच, शेळ्यांच्या गोचिडांवर देतात ते. गोळी खाल्लेल्या माणसाला डास चावला की डासच मरतो. तीन दिवस तीन गोळ्या. पोटुशीला मात्र द्यायची नाही.

घरोघरी मी बायकांना आत चुलीपाशी नेऊन हळूच विचारलं, दिवस गेलेत का. आपल्या ज्ञानेश्वरीला मात्र ओट्यावरच विचारलं, आमचे मालक शेजारी बसलेले असताना. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी तसं लिहून टाकलं.

काल ती फोनवर तुम्हाला दुसरा महिना असल्याचं सांगत होती, ते माझ्या कानावर पडलं. तोवर दोन गोळ्या तिच्या पोटात गेल्या होत्या. तिसरा लागेपर्यंत कुणाला सांगू नये, दृष्ट लागते, हे लग्नानंतर मीच तिला बजावलं होतं.

उद्या तिला डॉक्टरांकडं नेणार आहे. ते काय सांगतील, देव जाणे.

आज तिनं गोळीसाठी हात पुढं केला. मी म्हटलं, “संपल्या.”

तिनं हात मागं घेतला. “बरं झालं, आत्या. मला त्या गोळीचं लई भ्या वाटत हुतं.”

“मग खाल्लीस कशाला?”

“तुमचं जास्त वाटत हुतं.”

तुमच्या लेकीची सासू,
मंदा