घेतल्यावर एक दाबा

४ नोव्हेंबर, अर्जुनी मोरगाव
दिवाळीचा चिवडा घेऊनच आरोग्य प्रकल्पावर रुजू झाले. नागपूरच्या मानानं इथली खोली ऐसपैस, खिडकीबाहेर थेट धानाच्या बांध्या. काम सोपं आहे. हृदयरोग्यांच्या फोनवर सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता आठवणीचा आवाज जातो. गोळ्या घेतल्या की रोग्यानं एक दाबायचं. आमचे प्रमुख खुशाल सर म्हणाले, आधीचा आवाज हिंदीत होता, लोक जाहिरात समजून कापायचे. म्हणून आज इथल्या बोलीत माझा भरला. ‘बाबाजी, जेवन झालं का? आता गोळ्या खा जी.’ तीनदा हसू आलं, चौथ्यांदा जमलं.

११ नोव्हेंबर
कुंजीलाल रहांगडाले नावाचे एक म्हातारे रोगी आहेत. एकही वेळ चुकलेली नाही. फोन त्यांची बायको सुखवंताबाई सांभाळते. सरांना त्यांचा फोटो फलकावर लावायचाय. उद्या काढायला जाते.

१२ नोव्हेंबर
अंगणात धानाचे भारे. सुखवंताबाईंनी आग्रहानं चहा पाजला. कुंजीलाल खाटेवर, दम लागलेला, पाय सुजून खांबासारखे. नेमानं गोळ्या घेणाऱ्याचे पाय असे दिसत नाहीत. मी वाकून विचारलं, बाबाजी, जेवन झालं का? त्यांनी दोन्ही कान झाकले. धोतर ओलं झालं.
सुखवंताबाई हसल्या. “तुहा आवाज वळखते तो.”
फोटो काढला नाही.

१३ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. त्यांनी स्क्रीन दाखवली. रोज एक. दोन्ही वेळा एक.

१५ नोव्हेंबर
न कळवता गेले, आठच्या आधी. दाराशीच थबकले. आतून माझाच आवाज आला. सुखवंताबाई तळहातावर गोळ्या घेऊन बसली होती. म्हाताऱ्यानं कान झाकले; तिचा हात पुढे आला तसं तोंड उघडलं. तिनं हात मागे घेतला. त्यांनी हात जोडले. हात पुढे आला, पुन्हा मागे गेला. मग गोळ्या चुलीत टाकून तिनं एक दाबलं.
मी ओरडले. ती घाबरली नाही.
“चाळीस साल यानं माह्यापुढची भाताची थाळी अशीच उचलली. म्या हात जोडले तं देये, कधी नाहीच दे. याच्यापासूनच शिकली मी.”
कधीमधी गोळी देतेही, म्हणाली. नाहीतर उद्या तोंड कायले उघडेल तो?
पाकिटातल्या गोळ्या काढून मीच पुढे केल्या. घ्या, म्हटलं. माझा आवाज ऐकताच त्यांनी दात आवळले.

१६ नोव्हेंबर
आरोग्यसेविका आणि पोलीस पाटलांना घेऊन गेले. कुंजीलालांनीच हात जोडून सांगितलं, गोळ्या भेटून राहिल्या जी. नजर बायकोच्या हातावर. सगळे परतले.
त्यांच्या नंबरवरची आठवण मी बंद केली.

१८ नोव्हेंबर
तिचा फोन. “काऊन बंद केला? फोन नाही तं गोळी बी नाही. दोन दिस झाले, तोंड उघडून बसला आहे.”
पुन्हा चालू केला. मीच.

२१ नोव्हेंबर
भाड्याची गाडी केली. गोंदियाला दवाखान्यात नेते. सुखवंताबाईनं अडवलं नाही. दारातून एवढंच म्हणाली, “ने. पर वाटेनं त्याच्यासंगं बोलू नोको.”

गाडीत, कोहमाऱ्याच्या पुढे. अक्षर हलतंय. बाबाजींचं डोकं माझ्या मांडीवर. ओठ निळे. जिभेखाली ठेवायची गोळी बोटांत आहे, दात उघडत नाहीत. चालक सारखा म्हणतोय, मॅडम, बोला त्यांच्याशी, जागं ठेवा— मी नुसती मान हलवते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर.

त्यांचा श्वास अडकतोय. बोलले. हळूच. फक्त, बाबाजी—

कान झाकताहेत. छाती— गोळी खाली पडली, सापडत नाही— हात गार— गप्प आहे मी, बाबाजी, गप्प, एक शब्दही