चंद्रीचा डावा पाय

रविवार, १ मार्च २०२६, सकाळी ६.१०
घोरावाडी

आबा, कैलासचा नमस्कार.

चंद्रीच्या सुजलेल्या पायाला आत्ताच पट्टी बांधली. हे तिसरं पत्र. आधीची दोन टाकायचा धीर झाला नाही.

घोडेस्वारीच्या हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत मला पाठीवर घेऊन रानातली दौड संपवून आली तेव्हाच तुमची घोडी लंगडत होती. पण माझं पहिलं पदक समोर दिसत होतं. मी तिचा पाय रात्रभर बर्फात ठेवला. सकाळच्या तपासणीत ती सरळ चालली, घोड्यांचे डॉक्टर फसले, आणि उड्यांच्या फेरीत तिच्या त्याच पायाची शीर तुटली. आता ती पळणार नाही. तुम्हाला मात्र मी सांगितलं, घसरली.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "घोडीचं जाऊ दे रं, तुला लागलं न्हाई ना?"

मी नुसतं "न्हाई" म्हणालो.

तुमच्या विश्वासाला न जागलेला,
कैलास