नव्या पिस्तुलाची मूठ

६ नोव्हेंबर
नानांनी नवं पिस्तूल आणलं. हवेवर चालणारं, छऱ्याचं. नाना फौजेतून रिटायर. मिरजगावात त्यांच्या मळ्यातली रिकामी कांदाचाळ हीच आमची नेमबाजीची रेंज. आज नुसतं हातात धरलं. वाटलं होतं सगळं गार लोखंड असेल, तर मूठ लाकडाची, गुबगुबीत. वास भारी. नवं लाकूड, तेल आणि चाळीतला जुना कांदा. फटींतून उन्हाच्या पट्ट्या आलेल्या, त्यात धूळ तरंगत होती. तिच्याकडंच बघत बसलो. नाना म्हणाले, निशाणा तिकडं हाय गड्या.

७ नोव्हें.
छर्रा न घालता नुसता घोडा दाबायचा. समोर चुना फासलेला पत्रा. नानांची पद्धत. आधी ओळख, मग छर्रा. घोडा इतका हलका, कधी सुटला कळतच नाही. झोप लागते तसं. माझं डोकं कुठंच गप बसत नाही. हॉटेलात कामाला होतो तिथं नाही, टेम्पोवर नाही. त्या पत्र्यासमोर बसलं. किती वेळ, कोण जाणे. बाहेर आलो तर काकूंनी ठेवलेल्या चहावर साय धरलेली.

९ नोव्हें.
काल गेलोच नाही. निघालो होतो, वाटेत ऊसतोडीच्या बैलगाड्या लागल्या, त्यांच्या मागं मागं... असो.
आज नव्यावर शीतल होती, नानांची पुतणी. दोन वर्षं झाली, जुन्या पिस्तुलावर मारते, एक दिवस चुकवत नाही. मला बघून म्हणाली, "पाव्हणं आलं का?" तिचे छर्रे सगळे जवळजवळ. माझे विखुरलेले, पण एक बरोब्बर मधोमध. तो सुटला तेव्हा मी कुठं होतो, आठवत नाही. परत तिथं जायचंय.

११ नोव्हें.
घोळ झाला. मूठ मारणाऱ्याच्या हाताला बसेल अशी कानशीनं घासावी लागते. एकाच्या हाताला घासली की दुसऱ्याच्या हातात डुगडुगते. नगरची स्पर्धा तोंडावर, आणि नवं पिस्तूल एकच. शीतलचा हात बारीक, माझा थोराड. नाना म्हणाले, हात चांगला हाय तुझा, पाय टिकत न्हाईत. शीतल जुनं पिस्तूल पुसत राहिली. तेच जास्त लागलं.
संध्याकाळी संत्याचा फोन. त्याचा टेम्पो कांदा घेऊन हैदराबादला चाललाय, परवा पहाटे. क्लीनर पळालाय, तू चल म्हणतो. हैदराबाद मी बघितलेलं नाही. तिकडचे रस्ते कसे असतील...

१२ नोव्हें.
नानांनी काकूंकडून कुंकू मागून घेतलं, माझ्या तळहाताला चोळलं. धर म्हणाले. धरलं, सोडलं. जिथं हात दाबतो तिथं लाकूड लाल, बाकी कोरं. लाल तेवढं घासायचं. शीतल शेजारीच उभी, कानस तिच्याच हातात. नानांना देत म्हणाली, "घासा. मी रुसनार न्हाई. पन उद्या ह्यो निघून गेला तर मूठ कुनाची?"
नानांनी माझ्याकडं बघितलं.
"घासा," मी म्हणालो. आवाज माझाच असणार.
अंगठ्याची बाजू घासली. आता ती बाजू शीतलला सैलच लागणार. भुसा माझ्या पायांवर पडत होता, गुलाबी, पिठासारखा. मग नाना थांबले. "बाकीचं उद्या सकाळी. आलास तर."
हात धुतला तरी रेषांत लाल आहेच. संत्याचा मेसेज पडलाय, पहाटे चौफुल्यावर थांबतो. अजून उत्तर टाकलं नाही.