दुसरा ब्रेक

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून, नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्यापासून तू कारखान्याच्या माळ्यावर शिडीने चढतोस, असं वहिनीने कळवलं. (शिडी म्हणजे काही जिना नव्हे, हा तुझा युक्तिवादही कळवला.) आम्ही इकडे ठणठणीत. फोनच करणार होते, पण तुझ्या फोनवर तुझ्यापेक्षा तुझी करवत जास्त बोलते, म्हणून पत्र. जरा लांबेल. रंधा खाली ठेव आणि बसून वाच.

विषय आपल्या रेडिओचा. तुझ्या भाचीला हे नाव तूच दिलंस, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून तिची जी बडबड सुरू व्हायची ती बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. दादा, सोळावं लागलं आणि ते बटण कुणाला तरी सापडलं. आता घरात 'हं', 'बघू' आणि 'माहीत नाही', एवढंच प्रसारण. पुढे काय शिकायचं ते शाळेला या महिन्यात कळवायचंय. तिच्या मनात काहीतरी शिजतंय हे मला स्वच्छ दिसतं, पण विचारलं की 'बघू'. ती दाराआड, आणि मी दाराबाहेर घडी केलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या करत उभी. फार एकटं वाटायचं रे. पण मी रडत बसणाऱ्यांतली नाही, हे तुला ठाऊक आहे. ड्रायव्हिंग शिकवताना चढावर गाडी बंद पाडणारी किती माणसं मी वर चढवली. पोटच्या पोरीपुढे हात टेकायचे नाहीत, असं ठरवून टाकलं.

तेवढ्यात शाळेत पालकांसाठी व्याख्यान झालं. समुपदेशक बाई म्हणाल्या, मूल बोलायला लागलं की मध्ये तोंड घालू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका, आणि समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा. (आमचे हे सुरुवातीलाच झोपले. घरी आल्यावर म्हणाले, "बघ, मी मध्ये एकदाही बोललो नाही.") मी त्याच संध्याकाळपासून तोंडाला कुलूप लावलं. माझा अबोला आपल्यावरच आहे असं वाटून ह्यांनी वर्षभर गळणारा नळ न सांगता दुरुस्त केला, हा वरचा फायदा. आणि एका रात्री जेवता जेवता रेडिओने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मला खरं तर..."

मी चकार शब्द काढला नाही, शप्पथ. पण माझा उजवा पाय! तुला माहीतच आहे, शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून त्या पायाला अशी सवय लागलीय की समोर काही अनपेक्षित आलं रे आलं, की मला न विचारता तो खाली जातो. टेबलाखाली तो गेला तो नेमका ह्यांच्या अंगठ्यावर. हे असे ओरडले की शेजारीण बेल वाजवून विचारायला आली. रेडिओ बंद. मी अर्थातच म्हटलं, "बघितलंत? तुम्ही मध्ये बोललात."

मग शेजारी बसायचा उपाय काढला. परवा शेवटचा शिकाऊ उतरल्यावर तिला क्लासवरून घेतलं आणि सरावाच्या मोकळ्या मैदानाकडे निघाले. गाडी मी चालवत होते, ती माझ्या नेहमीच्या सीटवर. मैदानात शिरताच मी सहज म्हटलं, "मग, पुढच्या वर्षीचं..." गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा सुरू केली. "हे बघ, सायन्स घेतलंस तर सगळे दरवाजे..." पुन्हा गचका, पुन्हा बंद. मी खाली उतरले, बॉनेट उघडलं, शहाण्यासारखी आत वायरी हलवून बघितल्या. परत येताना खिडकीतून दिसलं: पोरीचा पाय माझ्या ब्रेकवर.

"मी बोलायला लागले की तू असंच करतेस," ती म्हणाली.

"मी? मी तर तोंडातून शब्द काढत नाही."

"तोंडाने नाही गं. पायाने. मी कधीपासून बघतेय. तुझा पाय गेला की मला कळतं, इथे थांबायचं."

दादा, पोरीने माझ्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं, ती पायाकडे बघत होती. मी चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घातली. (करून बघ. स्टिअरिंग पोटात रुततं आणि हॉर्न आपोआप वाजतो.) म्हटलं, "बोल." अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. पायांना मुंग्या आल्या, पण मांडी सोडली नाही. आता जेवतानाही मी खुर्चीवर मांडी घालूनच बसते आणि घरात रेडिओ चालू आहे. तेव्हा काळजी नसावी. वहिनीला नमस्कार, गुडघ्याला सबुरी.

तुझी,
धाकटी

ता. क. काय बोलली ते राहिलंच. तिला सायन्स नको. तुझ्याकडे येऊन सुतारकाम शिकायचंय. तूर्त सुट्टीत बोलावून घे. पण पहिला आठवडा नुसतं लाकूड घासायला लाव, तळहाताला चांगले फोड येऊ देत, म्हणजे डोक्यातलं खूळ आपोआप निघेल. मी सुचवलं असं मात्र म्हणू नकोस.

ता. क. वरचा ता. क. आत्ता वाचून बघितला. तो माझ्या पायाने लिहिलाय. खोडत नाही, पाय अजून जागा आहे हे तुला ठाऊक असलेलं बरं. दादा, तिला नीट शिकव, तू स्वतःच्या लेकीला शिकवशील तसं. माझ्याबद्दल काही बोलली तर मला कळवू नकोस. (जेवते की नाही, तेवढं कळव.)

ता. क. पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतेय आणि पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. रेडिओ, इथवर वाचलंच असशील, तर आता चिकटव आणि टाक. तुझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. लवकर घरी ये. मी मांडी घालून बसलेय.