लेपाची परीक्षा

मद्रास, १२ जुलै १९९३

चि. सौ. अंबुजास वेंकटलक्ष्मीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा रागाने चष्माच काढून ठेवला होता. सुईच्या तपासणीत स्तनाच्या गाठीत कर्करोग निघाला, शस्त्रक्रियेची तारीख मी ठरवली, आणि तू कुंभकोणमला बसून वैद्यरांचा लेप लावतेस! वर कातडी फुटली म्हणजे विष बाहेर पडू लागले, असे सासूबाई म्हणतात म्हणे.

नर्सिंग कॉलेजात मुलींना शिकवते तेच तुजलाही शिकवते. कर्करोग म्हणजे पू नव्हे, की ओढून काढावा. त्या आपल्याच शरीराच्या पेशी, वाढीचा आवर सुटलेल्या. लेपाने कातडी जळते, गाठ खाली वाढतच राहते, आणि रोग पुढे काखेत पसरतो. आणि मौज पाहा: आज गाठ लहान आहे, म्हणून डॉक्टर तेवढीच काढून, पुढे किरणोपचार देऊन, स्तन राखू पाहतात. स्तन जाईल या ज्या भीतीने तू पळतेस, तीच तुझ्या उशिराने खरी होईल!

सासूबाईंना विचार, हाच लेप निरोगी दंडावर लावला आणि तिथेही कातडी फुटली, तर ते विष कोठले? लावू नका हो, नुसता विचार करा.

लोभ आहेच, हा राग त्याच्याच पोटचा.

तुझी अक्का


कुंभकोणम, २१ जुलै १९९३

ती. अक्कास अंबुजाचा सा. न. वि. वि.

तू विचार करा म्हणालीस, सासूबाईंनी प्रयोगच केला. मद्रासच्या मास्तरणीने आमच्या वैद्यरांची परीक्षा घ्यावी काय, म्हणून भडकल्या आणि स्वतःच्या दंडाला लेप फासून वर विड्याचे पान बांधून बसल्या. पान सोडले तर दंड माझ्यासारखाच फुटलेला. यांना म्हणाल्या, वरदा, माझ्या अंगात कसले रे विष?

खरे कारण आता लिहिते. नणंदेचे, भवानीचे, लग्न ठरले आहे. त्याआधी घरातल्या मेलेल्या सुवासिनींच्या नावाने जिवंत सुवासिनींना जेवू घालतात. अंगाने उणी बाई त्या पानावर चालत नाही, असे सासूबाई एकदा बोलल्या होत्या. म्हणून लेप मीच मागितला. काल हे सांगितले, तर ओरडल्याच: मूर्ख मुली, तू मला पानावर बसलेली हवीस, ज्यांच्या नावाने पान मांडतात त्यांच्यात नकोस.

शनिवारी आम्ही तिघे एग्मोर स्टेशनावर उतरतो. सासूबाई हट्टाने येत आहेत, पट्टी बांधलेल्या दंडानिशी.

आणखी एक. काखेतही आता एक गाठ हाताला लागते. तिचा अर्थ तुला ठाऊक आहे, आणि तू तो सगळ्यांना नीट समजावशील. मला मात्र स्टेशनात काही समजावू नकोस. नुसती जवळ घे.

लोभ पुष्कळ असावा, व्याख्यान थोडे कमी.

तुझी अंबुजा