वकीलसाहेबांनी न घेतलेलं पाणी

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मला तुझाच संशय येऊ लागला आहे. माणसावर लगेच भरवसा टाकायचा नाही हे तूच शिकवलंस. ते फिरून तुझ्यापाशी येईल असं वाटलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातलं आपलं डोंगरकडा. बा वारला आणि वर्षाच्या आत काकानं आपलं सामान ओट्यावर काढून ठेवलं. घर दोघा भावांचं होतं, पण बाईमाणसाला वाटा कसला, असं तो चारचौघांत म्हणायचा. आपण विहाराच्या पडवीत राहू लागलो. तालुक्याला तेव्हा एक लहानशी संस्था होती. घराबाहेर काढलेल्या बायांना आसरा द्यायची, त्यांच्यासाठी कोर्टात वकील उभा करायची आणि पैसे घ्यायची नाही. या शेवटच्या गोष्टीनंच तू बिथरलीस. "फुकट दुसऱ्यासाठी तकलीफ कोण घेतं? आज न्हाई तर उद्या कायतरी मागतीलच." संस्थेतल्या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा तू त्यांच्या चपलांपासून पिशवीपर्यंत सगळं न्याहाळलंस आणि घरचं एक अक्षर सांगितलं नाहीस. त्यांनी दिलेलं पांघरूण उन्हात टाकून ठेवलंस आणि थंडी वाजायला लागल्यावरच आत आणलंस.

मूग तोडणीच्या दिवसांत ताई वकीलसाहेबांना घेऊन आल्या. काका घरावरचे पत्रे विकायच्या बेतात होता, त्याआधी कोर्टातून मनाई आणायची होती. तू दोघांपुढं पाण्याचे तांबे ठेवलेस. नव्या माणसाची तू अशीच परीक्षा घ्यायचीस. आपल्या हातचं पाणी जो पीत नाही त्याच्या गोड बोलण्यावर जायचं नाही. ताई घटाघटा प्यायल्या. वकीलसाहेब म्हणाले, "आत्ता नको, बाई."

तू तांब्या उचललास. "मंग ऱ्हाऊ द्या. आमचं आमी पाहू."

"अहो, अंगठा तरी द्या," ताई कळवळून म्हणाल्या. "उद्या छप्पर राहणार नाही."

"न्हाई राहिलं तर न्हाई. ज्याच्या नरड्याखाली आमचं पाणी उतरत न्हाई, त्यो आमच्यासाठी काय भांडंल?"

वकीलसाहेब कागद पिशवीत घालून उठले. आठवडा उलटायच्या आत काकानं पत्रे उतरवले.

ईद झाल्यावर शेजारच्या बांगडीवाल्या भाभी माझ्या हातात बांगड्या चढवत होत्या. तू त्यांना सगळं सांगितलंस, तर त्या कपाळावर हात मारून हसल्या. "अगे माँ, रोजा था उसका! हमारे में का है वो. तू क्या वकील का रोजा तुडवाती थी?"

तू दचकली नाहीस. "ही बांगडी ढिली होऊन राहिली," एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मात्र मला घेऊन संस्थेत गेलीस आणि दारातूनच विचारलंस, "सांगितलं काहून न्हाई, साहेब?"

"रोजा सांगत फिरायचा नसतो," ते म्हणाले. "पण तुम्ही का नाही विचारलं?"

"आमी विचारत नसतो. बघतो."

ते हसले. "मग वकील तुम्हीच व्हायला पाहिजे होतं."

पुढं तू अंगठा दिलास, खटला चालला आणि आपल्या वाट्याच्या भिंती मिळाल्या. पत्रे मिळाले नाहीत. ताडपत्रीखाली आपण किती पावसाळे काढले ते तुला ठाऊक आहे.

ही गोष्ट मी खूप ठिकाणी सांगितली आहे. इतकी वर्षं पाण्यावरून अपमान सोसलेल्या बाईला दुसरं काय वाटणार, असं मी म्हणते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. पण परवा भाकरी थापताना त्या दिवसाची सकाळ आठवली. तू मला दंडाला धरून मागं ओढलं होतंस. "भाभीच्या दारात खात उभी राहू नको, त्यांचे रोजे चालू हायेत." थोड्या वेळानं वकीलसाहेब गल्लीत आले, तेव्हा भाभींनी त्यांना सलाम केला आणि त्यांनी "वालेकुम सलाम" म्हटलं. माझा हात तुझ्या हातात होता. मी ऐकलं, तर तू कसं ऐकलं नसशील?

मग तुला माहीत होतं, माय. ज्या काकापुढं तू कधी मान वर केली नाहीस, त्याच्याविरुद्ध अंगठा उमटवायचा होता. पाण्याचं कारण सांगितलं की तुला भित्री कुणी म्हणणार नव्हतं. अपमान तर खरेच होते, जन्मभराचे. त्यांच्या आड थोडा वेळ उभी राहिलीस, इतकंच. की मी चुकते आहे, आणि तुला खरंच काही कळलं नव्हतं?

हे पत्र कुठं टाकणार? तू असतीस तरी दिलं नसतं. तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, तेही दोघांकडून, आणि मग माझ्याकडं नुसतं बघत राहिली असतीस.

माझे हे गेल्यावर दिरानं आमच्या घराचं कुलूप बदललं आहे. इथं हिंगोलीत तशीच एक संस्था आहे, तिथल्या ताई रोज फोन करून राहिल्या आणि मी उचलत नाही. त्यांच्या भिंतीवर देणगीदारांचे फोटो फार आहेत, अशांचा काय भरवसा, असं मी सगळ्यांना सांगते. फोटो एकच आहे, माय. मला दिराची भीती वाटते.