कापसातली चमकी आणि माझं सुपरव्हिजन

१२ मार्च २०२३, रविवार. कळंब.
मंजुषाच्या नाकातली चमकी कापसात पडली. मागच्या खोलीत यंदाचा सगळा कापूस छताला टेकलेला आहे. भाव वाढल्याशिवाय विकायचा नाही, हा माझा निर्णय. सकाळी त्यावरची चादर ओढताना चमकी गेली. तिच्या आईची होती. छिद्र बुजू नये म्हणून बायको नाकात झाडूची काडी घालून बसली आहे.
वाईट वाटलं. पण उत्साहही आला. तहसीलमध्ये मतमोजणी सांभाळलेला माणूस मी. घरातली तीन माणसं म्हणजे काय!

१३ मार्च
सुतळीने खोलीचे भाग पाडले. एक मंजुषाचा, एक मुलाचा, म्हणजे स्वानंदचा, एक सून गौरीचा. दुसऱ्याच्या भागात पाहायचं नाही. आपसात बोलायचं नाही. रिपोर्ट संध्याकाळी, थेट माझ्याकडे. कापसाने मला खाज सुटते, म्हणून सुपरव्हिजन समोरच्या खोलीतून. प्रमुखाने लांबच असावं.
संध्याकाळी तिघांचा रिपोर्ट एकच. भाग झाला, चमकी नाही. चौकशीत कळलं, पाहिलेला कापूस स्वानंद गौरीच्या भागात टाकत होता, गौरी सासूच्या, सासू स्वानंदच्या. गौरी म्हणते, एकच वाळकं पान तिच्याकडे फिरून फिरून येत होतं.
प्लॅन बरोबर होता. अंमलबजावणी ढिसाळ.

१४ मार्च, मंगळवार
सुधारित प्लॅन. स्वानंदने पाहायचं, गौरीने तपासायचं. डबल चेकिंग. दुपारी डोकावलो तर तो मोबाइलवर, ती भिंतीला टेकून झोपलेली. तो म्हणाला, गौरी तपासणारच आहे ना. ती म्हणाली, यांनी पाहिलंच असेल ना.
मंजुषा एकटीच कोपऱ्यात शोधत होती. चारच्या सुमारास काही सांगायला आली. मी नवा चार्ट आखत होतो. रिपोर्टच्या वेळी सांग म्हणालो. नंतर आलीच नाही. शिस्त नाही.

१५ मार्च
रामसिंग आला. आपलं शेत तो निम्म्या वाट्याने करतो, म्हणजे ढिगातला निम्मा कापूस त्याचा. भाव रोज उतरून राह्यला म्हणाला, व्यापाऱ्याची गाडी गावात आहे, राखीची कॉलेजची फी थांबली आहे. राखी त्याची मुलगी.
"माहा वाटा तं नेऊ द्या, साहेब. चमकी निंघाली तं आणून देतो."
शोध चालू असताना चिमूटभर कापूस हलणार नाही, असं मी समजावलं. शिवाय भाव वाढणार आहेच. बाजाराचा अभ्यास नसला की माणूस घाबरतो. तो बराच वेळ ओट्यावर बसून होता. मंजुषाने चहा दिला आणि ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. न बोलण्याचा नियम बाहेरच्यांनाही लावायला हवा.

१६ मार्च
जोरदार प्रगती! ढीग छतावरून खिडकीपर्यंत आला. सगळे न सांगता कामाला लागले आहेत. रामसिंगची बायको मानीबाईसुद्धा मदतीला आली. शोधलेला कापूस कमी जागा घेतो, हे माझं निरीक्षण.
दुपारी झोप मोडली. मागच्या गल्लीत कोणाची तरी गाडी घरघरत होती. शेजाऱ्यांना सांगायला हवं.

१७ मार्च
ढीग गुडघ्याएवढा. चमकी नाही, पण टीम आनंदात. मंजुषा गुणगुणत वाढत होती. जेवताना मी कामाची वाटणी या विषयावर थोडं बोललो. सगळे मान हलवत होते. स्वानंदला मध्येच ठसका लागला.

१८ मार्च, शनिवार
खोली झाडून स्वच्छ. कापूस नाही. रामसिंगचा वाटा विकला. आमचाही विकला. दोन दिवस मागच्या दाराने गाडीत भरत होते.
माझा आवाज चढला. मंजुषाने झाडू कोपऱ्यात ठेवला.
"तुमचा भाव येईपर्यंत त्याच्या पोरीचं वर्ष गेलं असतं," म्हणाली.
ते ठीक आहे, मी म्हणालो, पण तुझ्या आईची चमकीही गेली ना कापसाबरोबर? तिची कोणाला पर्वा? मी एकटाच रात्रंदिवस तिच्या मागे आहे.
गौरी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली.
"मंगळवारपासून नाकात आहे," मंजुषा म्हणाली.
रोज माझ्यासमोर बसूनच जेवते ती.
चष्मा लावून पाहिलं. होती.